पडद्यामागून दिसलेला हात

चांद्याच्या बशीरभाईंना कुणी विचारलं, की मधमाशीला डोळे किती, तर ते आधी डोक्यावरची टोपी सरळ करायचे आणि मग ठासून सांगायचे, "पाच." धरणाला दारं कशाला लागतात, क्षयाचा जंतू केवढा असतो, वाघीण पिल्लाला मानेला धरून कशी उचलते, सगळं त्यांना तोंडपाठ. शाळा मात्र चौथीपर्यंतच झालेली. बाकीची सारी विद्या त्यांनी सिनेमे दाखवता दाखवता मिळवली होती, आणि ती वाटताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. उलट थोडीफार पदरचीही भर घालायचे.

सरकारी प्रचारगाडीवर प्रोजेक्टर चालवायची त्यांची नोकरी. ही गोष्ट सत्तावन्न सालची. तेव्हा सगळा मिळून चांदा जिल्हा होता आणि गडचिरोली ही त्यातली एक तहसील. गाडीत वीज तयार करायचं एक इंजिन, एक प्रोजेक्टर, फिल्मांचे आठ-दहा डबे आणि लच्छू नावाचा ड्रायव्हर. हा लच्छू कुठलाही सिनेमा लागला की पाच मिनिटांत घोरायला लागायचा. सिनेमे मुके होते. डब्यासोबत एक इंग्रजी कागद यायचा, हापिसातला कारकून तो एकदा वाचून मराठीत सांगायचा, आणि तेवढ्या शिदोरीवर बशीरभाई भोंग्यातून एटापल्लीपासून चिमूरपर्यंत लोकांना शास्त्र शिकवत हिंडायचे. आलापल्लीला झाडांचा सिनेमा लावला, तेव्हा जंगलखात्याचे मजूरच त्यांना अडवायला लागले, "भाऊ, हा साग नोहे, बिजा आहे." बशीरभाईंनी भोंग्यातूनच "बरोबर, बिजा!" म्हटलं आणि पुढे चालू. चूक कबूल करायला त्यांना कधी लाज वाटली नाही.

खात्याने दिलेला जाड पडदा पहिल्याच वर्षी बोरीच्या काट्यांत फाटला. नवा मागून मिळेना, म्हणून बशीरभाईंनी मांजरपाटाचे दोन पनहे जोडून शिवून घेतले. दोन बांबूंच्या मधे ते कापड ताणायचं आणि वर लोटाभर पाणी शिंपडायचं. ओल्या कापडावर चित्र असं उतरायचं, की दोन्ही बाजूंनी दिसायचं. मग आपोआपच रीत पडून गेली. गडीमाणसं समोर, प्रोजेक्टरच्या बाजूला. आणि बाया कापडाच्या मागे. सासरा, थोरला दीर, गावचा पाटील यांच्यासमोर बायांनी पुढ्यात कसं बसायचं? मागे बसलं म्हणजे डोक्यावरचा पदर सैल सोडता यायचा, लेकराला पाजता यायचं, पोटभर हसताही यायचं. तिकडे कुणी गडीमाणूस फिरकत नसे. बशीरभाई तर परगावचे, परके. तीन वर्षांत त्यांनी कापडाच्या मागे एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

डब्यांमध्ये एक सिनेमा बाळंतपणाचा होता. बाकीच्या सिनेमांत बशीरभाई थट्टामस्करी करायचे, पण या एका सिनेमात कधी नाही.

त्याला कारण होतं. त्यांची बायको हाजरा सावरटोल्याची. चिमूरच्या वाटेवरचं हे गाव. तिचे वडील बाबूभाई बाजारोबाजार बांगड्या विकायचे. हाजराची दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली, गुणाबाई सुईणीच्या हातून. पहिली मुलगी. चांगली खणखणीत रडायची. सातव्या दिवशी तिचा जबडा मिटला, अंग ताठ झालं, आठव्या दिवशी ती गेली. दीड वर्षाने मुलगा झाला. तोही तसाच, आठव्याच दिवशी. नशिबात नव्हतं, असं लोक म्हणाले, आणि बशीरभाईंनीही तसंच म्हणून स्वतःची समजूत घातली.

मुलाला माती दिल्यावर चार महिन्यांनी हा डबा हापिसात आला. नवी फिल्म आधी भिंतीवर लावून बघायची त्यांची पद्धत. कारकून वाचत होता आणि ते बघत होते. नर्स साबणाने हात धुते. दाढीची पत्ती उकळते, दोरा उकळते. नाळ दोन ठिकाणी बांधते आणि हातात अधांतरी धरून मधोमध कापते. मग दुसरं घर दाखवलं. तिथे नाळ जमिनीवर खापरावर ठेवलेली, गंजलेला विळा, आणि आठ दिवसांनंतरचं ताठ झालेलं बाळ. "धनुर्वाताचे जंतू मातीत असतात," कारकुनाने वाचलं. फिल्म संपली. रिळाचं सुटलेलं टोक फटफट वाजत राहिलं, तरी बशीरभाईंना मशीन बंद करायचं सुचेना. दोन्ही लेकरं वाचली असती. आणि त्याला काय लागत होतं, तर उकळतं पाणी आणि एक दाढीची पत्ती! त्या दिवशी ते कारकुनासमोरच ढसाढसा रडले.

तेव्हापासून यादीत असो वा नसो, हा सिनेमा ते प्रत्येक गावात दाखवायचे. गळा सुकेपर्यंत सांगायचे. गडी माना डोलवायचे. पण सुईणींना शिकवायला म्हणून नर्सबाई मागाहून गावात गेली, की एकही सुईण पुढे यायची नाही. काऊन येत नाही म्हणून विचारलं की बाया तोंडाला पदर लावून एकमेकींकडे बघायच्या. कारण कुणी सांगायचं नाही. बशीरभाईंना वाटायचं, आपलंच सांगणं कमी पडतं. मग ते पुढच्या गावात आणखी मोठ्यानं ओरडायचे.

आता हाजरा तिसऱ्यांदा गरोदर होती. सातवा लागला आणि ती माहेरी गेली. चांद्याच्या दवाखान्यात जायचं नाव काढलं, तर तिची आई नजमाबी अंगावर आली, "तिथी गडीमानसं डॉक्टर असतात. माही पोरगी नाई जायची." गावात सुईण एकच, गुणाबाई. म्हणजे पुन्हा तेच खापर आणि तोच विळा. हे लेकरू आठ दिवसांच्या पुढे जगायचं असेल, तर गुणाबाईला पटवणं भाग होतं. बशीरभाईंनी साहेबांच्या हातापाया पडून सावरटोल्याचं नाव दौऱ्यात घालून घेतलं.

पौषातली संध्याकाळ. अंधार पडताच खेळ सुरू झाला. समोर खुर्चीवर गुणवंतराव पाटील. सिनेमात मधेमधे हिंदी अक्षरं यायची, ती मोठ्यानं वाचून दाखवायचा मान त्यांचा, कारण गावात झरझर वाचणारे ते एकटेच. बशीरभाईंनी त्या दिवशी जीव ओतला. पण कापडामागून मधेच खुसखुस ऐकू आली.

सकाळी बाबूभाईंच्या पडवीत हाजरा त्यांना चहा द्यायला आली. तिने आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्याचा सिनेमा पाहिला होता, बायांमध्ये बसून.

"अजी, एक विचारू? तुमच्या सिनेमातल्या साऱ्या नर्सा डावखुऱ्या काऊन आहेत?"

"कोन डावखुऱ्या?"

"ते नाई का, पत्ती डाव्या हातात धरते. नाळ डाव्या हातानं कापते. बाळंतिणीले पानीबी डाव्याच हातानं पाजते. बायाइले तं शिसारी आली. म्हनतात, ज्या हातानं धुवाचं, त्याच हातानं लेकराले जगात घ्याचं काय? असं शिकवते म्हने सरकार!"

बशीरभाई आधी हसले. "पगली, ते उजव्याच हातानं..." म्हणता म्हणता त्यांचं हसू ओठांवरच थिजलं. हातातली बशी खाली ठेवून ते उठले, नजमाबीची ओढणी वाळत होती, तोच पडदा समजून तिच्या एका बाजूला उभे राहिले, मग दुसऱ्या बाजूला गेले. इकडून उजवा, तिकडून डावा. कापडाच्या मागून सगळंच उलट दिसणार! अक्षरंही उलटी दिसणार, पण तिकडे वाचता कुणाला येत होतं, की कुणी सांगावं? तीन वर्षं आणि दीडशे गावं झाली होती. मधमाशीचे डोळे मोजणाऱ्या माणसाला आपल्याच पडद्याची दुसरी बाजू ठाऊक नव्हती. त्यांनी स्वतःला दोन शेलक्या शिव्या घातल्या. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

गाडी त्याच दिवशी चिमूरला जायची होती. बशीरभाईंनी लच्छूला बाजूला घेतलं.

"गाडीचं इंजिन बिघडलं."

"नाई तं."

"बिघडलं म्हनतो ना मी!"

"मग बिघडलं असंन," म्हणून लच्छू गाडीच्या सावलीत आडवा झाला.

आज एक दिवस बायांना समोर बसवा, म्हणून बशीरभाईंनी आधी गुणवंतरावांना विनवून पाहिलं. "अन् आमी मागं बसाचं?" गुणवंतराव एवढंच बोलले. नजमाबीकरवी बायांना विचारलं, तर त्याही समोर यायला तयार नव्हत्या. मग बशीरभाईंनी आपलं डोकं चालवलं. मुक्या फिल्मला दोन्ही काठांनी भोकं असतात, त्यामुळे ती पलटवूनही मशीनमध्ये चालते. सगळी दुपार त्यांनी पडवीत बसून ती फिल्म हाताने पलटवून गुंडाळली. आता कापडाच्या मागून उजवा हात उजवाच दिसणार होता.

रात्री खेळ लागला आणि अक्षरांच्या पहिल्याच पाटीला गुणवंतराव अडखळले. त्यांनी मान वाकडी केली, चष्मा पुसला. त्यांच्या खुर्चीमागे बसलेली माणसं वाट बघत होती. कुणीतरी फिदकन हसलं.

"ए बशीर, हे उलटं लावलंस तू!"

"होय भाऊ. आज अक्षरं तिकडच्या बाजूनं सुलटी आहेत."

"तिकडं वाचनार कोन आहे?"

"वाचनारं कोनी नाई," बशीरभाई भोंगा बाजूला ठेवून म्हणाले. "पन नाळ कापनाऱ्या तिकडं आहेत, भाऊ. इकडं एकबी नाई."

गुणवंतरावांनी खुर्ची सोडली नाही, हा त्यांचा मोठेपणा. मागाहून त्यांनी चांद्याला अर्ज केलाच, आणि 'चित्रपट उलट दाखविल्याबद्दल' बशीरभाईंना खुलासा द्यावा लागला. पण ते नंतर. त्या रात्री कापडामागून खुसखुस आली नाही. खेळ संपल्यावर हाजरा येऊन म्हणाली, "बाया म्हनतात, आज बरोबर करून राह्यली होती नर्स. पन गुणाबाई अर्ध्यातूनच उठून गेली. कोनासंगं बोलली नाई."

सकाळी बशीरभाई गुणाबाईच्या दारी गेले. साठीची, हाडकुळी बाई, अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. खरं सांगायचं तर गेल्या वर्षभरात या बाईला बशीरभाईंनी मनातल्या मनात पुष्कळदा कोसलं होतं. तिला ते ठाऊक नव्हतं. ती उठली, बसायला खाट टाकली.

"जवाईबापू, खरा कोनता? परवाचा का कालचा?"

"कालचा, गुणाबाई. नर्स उजव्याच हातानं कापते. परवा तुमाले कापडामुळं उलटं दिसलं."

तिने सूप खाली ठेवलं.

"मग परवाचाच दाखवून जाचं होतं," ती म्हणाली. "मले वाटलं, का माह्यासारखीबी एक बाई आहे. शिकली-सवरली. अन् डाव्या हातानं नाळ कापते, तं तिले कोनी मारत नाई."

बशीरभाईंना एकदम काही उमगेना. तिनेच सांगितलं. ती जन्माची डावखुरी. लहानपणी तिच्या मायने तिचा डावा हात फडक्याने पाठीशी बांधून ठेवला होता, दोन वर्षं. जेवण, कुंकू, लेकराला हात लावणं, सगळं उजव्याने करायचं, अशी मार खाऊन खाऊन सवय लागलेली.

"पन हत्यार उजव्या हातात धरलं का हात थरथरते माहा," ती म्हणाली. "त्या बाईसारखी अधांतरी नाई कापता येत मले. म्हनून खापर भुईवर ठेवा लागते, त्याच्यावर नाळ ठेवा लागते, अन् वरून विळा दाबा लागते. परवा पायलं मी, त्या खापराच्या लेकराचं काय झालं ते." "तुमचे दोन्ही लेकरं मीच नेली का, जवाईबापू?"

वर्षभराचा राग पोटात घेऊन बशीरभाई आले होते. आता तो कुठे ठेवावा, हे त्यांना कळेना. "नाई," ते म्हणाले. "तुमाले मालूम नव्हतं. मलेबी नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "डाव्या हातानं अधांतरी कापता येईन तुमाले?"

"डाव्या हातानं मी केसबी उभा चिरीन. पन खोलीत ज्या बाया बसतात, त्या कापू देतीन का? नजमाबी देईन? काल रातीच तुमी साऱ्याइले दाखवलं, का उजवाच हात खरा."

दोन दिवस झटून बशीरभाईंनी एक गाठ सोडवली होती आणि तिच्याचखाली दुसरी मारून ठेवली होती. लच्छू तिकडे भोंपू वाजवत होता. हात कोणताही चालतो, पत्ती आणि दोरा उकळलेला पाहिजे, एवढं तिला पुन्हा पुन्हा सांगून आणि दाढीच्या पत्त्यांचं पुडकं तिच्या खाटेवर ठेवून ते निघाले. जाताना हाजराला सगळं सांगितलं. हाजरा "हं" म्हणाली.

फागुनात ते रजा घेऊन सावरटोल्याला आले. चौथ्या दिवशी सकाळीच हाजराच्या पोटात दुखायला लागलं. आत नजमाबी आणि शेजारची आशाबाई. बशीरभाई अंगणात चूल मांडून बसले. पाणी उकळलं, त्यात पत्ती आणि दोरा टाकला, पुन्हा उकळलं. गुणाबाईने त्यांच्यासमोर कोपरापर्यंत हात धुतले, भांडं घेतलं आणि दार लोटून आत गेली.

उन्हं छपरावर आली तेव्हा आतून लेकराचा आवाज आला. पाठोपाठ आशाबाई ओरडली, "अवं बाई, डावा हाये तो हात! डावा!"

"गुणाबाई!" नजमाबीचा आवाज. "माह्या घरी हे नाई चालनार. उजव्यानं काप."

बशीरभाई दाराशी जाऊन उभे राहिले. आत जायची सोय नव्हती. भोंग्यातून दीडशे गावांना ओरडून सांगणारा माणूस दाराला कान लावून ऐकत राहिला.

आणि मग हाजरा बोलली. दमलेली, फाटलेल्या आवाजात, पण अंगणभर ऐकू गेलं.

"माय, उजव्या हातानं दोन गेले माहे. दोन! गुणाबाई, कोनाचं आयकू नको. तुह्या हातानं काप."

थोड्या वेळाने दार उघडलं. गुणाबाईच्या डाव्या हातात पत्ती होती. ती तिने भांड्यात टाकली आणि म्हणाली, "अधांतरी कापली, जवाईबापू. भुईले नाई लागू देल्ली. पोरगी आहे."

पुढचे आठ दिवस कसे गेले, ते बशीरभाईंनी नंतर कधीच कुणाला धड सांगितलं नाही. ते दिवसातून दहा वेळा पडवीतून विचारायचे, "दूध प्याली का?" आतून "प्याली" असं आलं, की तासभर बरं वाटायचं. सातव्या दिवशी त्यांनी काही खाल्लं नाही. नजमाबी त्या दिवसांत ना गुणाबाईशी बोलली, ना लेकीशी. आठव्या दिवशी ती पहाटेपासून नातीच्या तोंडात बोट घालून बघत बसली होती. दर वेळी पोरगी बोट चोखायची. नजमाबी बोट काढायची आणि थोड्या वेळाने पुन्हा घालायची.

नवव्या दिवशी सकाळी गुणाबाई पोरीला न्हाऊ घालायला आली. पाटावर बसली, पाय लांब केले, पोरीला पायांवर घेतलं. पोरगी हातपाय झाडत, जबडा फाकून बोंबलत होती, आणि घरातलं कुणीही तिला गप्प करायला धावत नव्हतं. तेलाची वाटी नेहमीप्रमाणे उजवीकडे ठेवलेली. गुणाबाईने सवयीने उजवा हात पुढे केला.

नजमाबी चुलीजवळून उठली. तिने वाकून ती वाटी उचलली, गुणाबाईच्या डाव्या बाजूला ठेवली आणि पुन्हा चुलीशी जाऊन बसली.